कोकरांच्या पाण्याला आडकाठी करू नये

अन्याय झाला तो बिराप्पा धनगराच्या कळपावर. गेल्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी, जोगतळ्याच्या फाटकावर मेंढराचं चित्र आणि त्यावर लाल फुली असा बोर्ड लागला तेव्हा. लावणारे सरकारी होते, लावायला लावणारे पर्यटक होते, आणि त्यांच्यात तुम्हीही असण्याची शक्यता आहे. असाल तर पान उलटू नका.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘उन्हाळ्यातल्या पक्ष्यांवर लिहा, हलकंफुलकं, निसर्गाच्या सान्निध्यातलं काम वगैरे.’ हलकं जमेल तेवढं लिहिते. पण माझं लिहिण्याचं शिक्षण पत्रकांवर झालंय. कॉलेजात असताना तळ्यात सांडपाणी सोडण्याविरुद्ध पहिलं पत्रक काढलं आणि निपाणीच्या बाजारात उभी राहून वाटलं. तेव्हापासून एक नियम पाळते: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी ते सांगायचं, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत माणसानं त्या कागदात भजी गुंडाळलेली असतात.

आता कामाचं. निपाणीहून बोरगावकडं जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की जोगतळं लागतं. पूर्वी ते नुसतं तळं होतं. म्हशी डुंबायच्या, बायका गोधड्या धुवायच्या. मग ते ‘राखीव पाणथळ’ झालं. तारेचं कुंपण आलं, तिकीटखिडकी आली, लोखंडी मनोरा आला आणि त्यावर चढायला घाबरणाऱ्या लोकांना धीर देण्यासाठी माझ्यासारखी गावातली पोरं ‘मार्गदर्शक’ म्हणून रोजंदारीवर लागली. गावात मला ‘पाखरंवाली’ म्हणतात. लोकांना वाटतं, मार्गदर्शकानं पक्षी दाखवायचा असतो. पक्षी आपला आपण दिसतो. खरं काम आहे माणसाला गप्प बसवण्याचं.

हिवाळ्यात लांबची बदकं येतात तेव्हा गर्दी असते. होळी झाली की ती जातात आणि लोक विचारतात, ‘आता तळ्यावर काय हाय?’ या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. पाहुणे म्हणून येऊन गेले त्यांचे फोटो भिंतीवर, आणि बारा महिने इथंच राहून उन्हात भाजतात त्यांना कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात पाणी आटत आटत तळ्याच्या मधल्या खोलगटात जातं. मासे तिथं कोंडतात. मग बगळे, करकोचे, शराटी, पाणकावळे सगळे त्या एका डबक्याभोवती, लग्नात पहिल्या पंगतीला बसायला धडपडणाऱ्या पाव्हण्यांसारखे. चमचे पण येतात. हा पक्षी आहे, चोच पळीसारखी असते, पुढाऱ्यांशी संबंध नाही. कोल्हा दिवसाढवळ्या चिखलात उतरतो. दिवड साप अर्धा मासा तोंडात घेऊन, पुढं काय करावं या विचारात पडून राहतो. टिटवी उघड्या मातीत, घरटं म्हणावं असं काहीही न करता अंडी घालते आणि मग ‘मी इथं अंडी घातलेली नाहीत’ असं साऱ्या तालुक्याला ओरडून सांगत सुटते.

उन्हाळ्यात बघायची पद्धतही वेगळी. सकाळी ऊन तापायच्या आत यायचं, नाहीतर कलत्या उन्हात. मधल्या वेळेला जमिनीतून झळा उठतात आणि दुर्बिणीतून बगळा वितळल्यासारखा दिसतो. नजर पाण्यावर नाही, पाण्याच्या कडेच्या चिखलावर ठेवायची. चिखल हलला की तो चिखल नसतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडी आली. सोबत फोटोग्राफर, छत्री धरणारा आणि नवरीची आत्या. फोटोग्राफर मला म्हणाला, ‘आक्का, मागचे ते पांढरे जरा उडवा की.’ मी म्हटलं, ‘ती जेवायला बसलीत. तुमच्या लग्नात पंगत बसल्यावर मी येऊन टाळ्या वाजवू काय?’ आत्याबाई मात्र रसिक निघाल्या. हळदी-कुंकू बदक दाखवलं, चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळाशी लाल ठिपका असतो म्हणून ते नाव. त्यांनी दुर्बिणीतून बघून विचारलं, ‘ह्यातली बाई कंची?’

‘दोघांनाबी असतंय. नवराबी लावतो ह्यांच्यात.’

‘बरं हाय की,’ आत्या म्हणाल्या. ‘घरी सांगून बघते.’

अशी माणसं असतील तर मी दिवसभर उन्हात उभी राहीन. पण दुसरी जात लेन्सवाल्यांची. त्यातले एक गृहस्थ उसाच्या कांड्याएवढी लेन्स घेऊन दर आठवड्याला यायचे आणि चिखलात पोटावर झोपायचे. नेमके तेव्हाच, दुपारच्या वेळेला, तळ्याच्या मावळतीच्या काठावर बिराप्पा मेंढरं पाण्यावर आणायचा. कुंपण यायच्या आधीपासून, त्याच्या बापाच्या आधीपासून, उन्हाळ्यात त्यांचं पाणी तेच. आसपासचे ओढे तोवर कोरडे पडलेले असतात. कुंपण घालताना तिथं एक फाटक ठेवलं होतं ते त्याच्यासाठीच.

लेन्सवाले उठून त्याला म्हणाले, ‘ओ, मेंढ्या जरा बाजूला घ्या. फ्रेम खराब होतेय.’

बिराप्पानं काठी बगलेत टेकवली. ‘माजी बी हुतीया तुमच्यामुळं. मी काय बोललो का?’

त्या दिवशी एक गायबगळा मेंढीच्या पाठीवर उभा होता. गायबगळ्याला जनावरांच्या पायाशी उठणारे किडे लागतात, म्हणून तो कळपाबरोबर हिंडतो. सुरेख फोटो आला असता. आलाही. पण या गृहस्थांनी फोनवर बसून त्यातली मेंढी पुसली. त्यामुळं जोगतळ्याचा एक बगळा अजूनही इंटरनेटवर पाय किंचित वाकवून हवेत उभा आहे. आणि फोटोखाली राखीव तळ्याला एक तारा, वर शेरा: पक्षी चांगले, मेंढ्यांचा त्रास. त्यांचं बघून आणखी लोकांनी तसेच शेरे मारले. मेंढरं ज्यांनी बघितलीही नव्हती त्यांनाही त्रास झाला.

एक गोष्ट मी झाकणार नाही. मेंढरांनी पक्ष्यांचं काहीच बिघडत नाही असं नव्हे. एकदा शेकाट्याची अंडी खुराखाली गेली. शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी पायांचा, पँट वर दुमडून चिखलातून चाललेल्या कारकुनासारखा पक्षी. मी बिराप्पाशी भर उन्हात भांडले. तो म्हणाला, ‘तुजी पाखरं बी शाणी हायत काय गं? वाटंवर कोण बाळंत हुतंय?’ तासभर दोघं एकमेकांना बोललो आणि मग दोघांनी मिळून अंड्यांच्या जागांभोवती बाभळीच्या शिऱ्या रोवल्या. काटे बघून मेंढरं वळसा घालायची. शिऱ्या उपसून फेकल्या त्या लेन्सवाल्यांनी, घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून. त्यांच्यासाठी लाल फुली कुणी काढली नाही.

तर ताऱ्यांना घाबरून राखीव तळ्याच्या समितीनं ठरवलं की उन्हाळ्यात मेंढरं बंद. वनखात्याचे साहेब शिवमोग्ग्याकडून नवेच बदलून आले होते. माणूस सज्जन. ‘धनगरांना बंदी’ असं उघड लिहिणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी कन्नडात गोड वाक्य तयार केलं: कोक्करेगळ नीरिगे यारू अड्डि माडबारदु. कन्नडात कोक्करे म्हणजे बगळे, करकोचे. त्यांच्या पाण्याला कुणी आडकाठी करू नये. म्हणजे काय ते मेंढपाळानं समजून घ्यावं.

आमच्या सीमाभागात बोर्ड एका भाषेत लागत नाही. लागला तर सकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून निपाणीच्या दत्ता पेंटरला सांगितलं, खाली मराठीतही लिही. कन्नड ओळ त्याला कागदावर दिली होती, मराठीची मिळाली नव्हती. त्यानं कचेरीत फोन लावला. तिकडून कारकुनानं तेच वाक्य घाईत वाचलं आणि म्हणाला, ‘हेच मराठीत लिही, सोपं आहे.’ दत्तानं कानाला आलं ते लिहिलं. मोठ्या, वळणदार, निळ्या अक्षरांत:

कोकरांच्या पाण्याला कुणीही आडकाठी करू नये. हुकुमावरून.

मी नंतर त्याला विचारलं, ‘दत्तादा, तुला कन्नड येतंय की रे.’

‘येतंय म्हणूनच इचार केला,’ तो म्हणाला. ‘बगळ्याच्या पाण्याला कोण आडवं जाणार हाय? पाण्याला आडवं जात्यात ते मेंढरांच्याच. म्हटलं, सरकारनं कधी न्हाय ते चांगलं काम केलं.’

बोर्ड लागला त्या दुपारी बिराप्पा कळप घेऊन आला. फाटकावर रामाप्पा गार्ड. दोघं एकाच शाळेत बसलेले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. रामाप्पानं हात आडवा केला.

‘बंद झालंय रं आता.’

बिराप्पा बोर्डाकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘रामा, वाच.’

‘वाचलंय.’

‘मोठ्यानं वाच.’

रामाप्पानं वाचलं. पहिल्याच शब्दाला तो अडखळला, कारण तोवर त्यानं फक्त वरची कन्नड ओळ वाचली होती.

‘मग?’ बिराप्पा म्हणाला. ‘हुकूम मोडतोस व्हय?’

‘आरं, ते बगळ्याचं हाय. कोक्करे.’

‘कुठं हाय बगळा? क ला क जोडलेला न्हाय. कोकरू हाय ते. मास्तरनं तुला त्यासाठीच हाणलाता.’

‘बरं, कोकरं सोड. मोठी मेंढरं न्हाईत सोडायची.’

‘आयशिवाय कोकरू पाणी पितंय व्हय?’

‘मग आया सोड. ते दांडगं एडकं कशाला?’

बिराप्पानं एडक्याकडं बघितलं. ‘ते बी कुणाचं तरी कोकरूच की रं. जरा थोराड झालंय, एवढंच.’

रामाप्पा हसला आणि तिथं सरकार हरलं. पुढं रोज दुपारी कळप यायचा. बिराप्पा फाटकापाशी थांबायचा, बोर्डाला रामराम घालायचा आणि आत जायचा. इकडून तिकडून धनगर तो बोर्ड बघायला यायला लागले. मी पर्यटकांना सांगायचे, वरची ओळ बगळ्यांची आणि खालची कोकरांची, दोघंही काठावर आहेत, बघून घ्या.

साहेबांना कळलं तेव्हा ते स्वतः आले. बोर्डासमोर उभे राहिले आणि मला विचारलं, ‘एनम्मा, इदु हेगायितु?’ हे कसं झालं. मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, खालची ओळ आजच पुसून नीट लिहून घ्या.

दत्ता पेंटरला बोलावलं. तो आला, बोर्ड बघितला, डबा उघडला आणि परत बंद केला.

‘सायब, काळा रंग घिऊन मराठी ओळीवर बरश मारायचा? मी? निपाणीत? माजं दुकान बाजारात हाय.’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथं दत्ता विनोद करत नव्हता. आमच्याकडं मराठी ओळ पुसली जाते म्हटल्यावर ती काय सांगते हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी गावातली पाच-सहा पोरं बोर्डाच्या रक्षणाला येऊन बसली. मी त्यांना म्हटलं, ‘अरे, ती ओळ चुकीची आहे.’ त्यातला एक म्हणाला, ‘चुकीची असू दे. मराठी हाय.’ संध्याकाळी दुसऱ्या बाजूची पोरं आली. त्यांचं म्हणणं, वरच्या कन्नड ओळीपेक्षा खालची अक्षरं मोठी का. दोन्हीकडच्यांनी मेंढरांविषयी चकार शब्द काढला नाही. मेंढरं त्यांच्यामधून पाण्यावर गेली आणि पाणी पिऊन परत आली.

साहेब अडकले. ओळ पुसावी तर मोर्चा, ठेवावी तर तारे. ओळ कायम राहावी असं मला वाटत होतं आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ‘सर, दुपारी ऊन असतं तेव्हा तुमचे बहुतेक पर्यटक झाडाखाली डबे खात असतात. तेवढ्या वेळात कळप पाणी पिऊन जातो. फाटकावर वेळ लिहा, भांडण मिटेल.’ ते म्हणाले, ‘लिहिलं की कुणी तरी वाचेल, मॅडम.’ त्या माणसाला आमच्या भागाची अक्षरांची धास्ती बसली होती.

आणि मग अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी तो नवा बोर्ड आला. अक्षर नाही, भाषा नाही. पांढऱ्या पत्र्यावर मेंढरू आणि लाल फुली. त्याला मराठीवाले हरकत घेऊ शकत नव्हते, कन्नडवालेही नाही. दोन्हीकडची पोरं बघून समाधानानं घरी गेली. फाटकाला कुलूप लागलं आणि रामाप्पाची बदली तिकीटखिडकीवर झाली.

बिराप्पानं चित्र बघितलं. मी वाट बघत होते की आता तो काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, ‘ह्येला वाचायचं काय?’ आणि कळप वळवला.

दुसरं पाणी हायवेच्या पलीकडं, ओढ्याच्या एका डोहात. हायवे रुंद करायचं काम चाललेलं, खालून जायचा बोगदा मातीनं बुजलेला. म्हणजे वरून, गाड्यांमधून कळप न्यायचा. पुढचं मेंढरू गेलं की मागची सगळी त्याच्या मागं, थांबत नाहीत. बिराप्पाची बायको आणि सून दोन बाजूला लुगडी फडकवत उभ्या राहायच्या आणि तो मधून कळप काढायचा. काही दिवस निभावलं. मग एका सकाळी खडीचा डंपर थांबला नाही.

मी गेले तेव्हा मेंढरं रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. बिराप्पाची बायको एका कोकराला बाटलीनं पाणी पाजत होती. ते पीत नव्हतं, नुसतं ओरडत होतं. डंपरवाला निघून गेला होता. बिराप्पा मला म्हणाला, ‘तू जा, पाखरंवाले. तुजं काम असंल.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझं काम होतं. मी तळ्यावर गेले आणि त्या दिवसापासून तिकीटखिडकीबाहेर उभी राहिले. आत एकाही माणसाला घेऊन गेले नाही. गाडी आली की सांगायचे, आत काय काय दिसेल, आणि ते दिसावं म्हणून बाहेर काय चाललंय. बहुतेकांनी काच वर केली. लेन्सवाले म्हणाले, ‘हे तुमचं राजकारण आमच्या छंदात आणू नका.’ मी म्हटलं, ‘तुमचा छंद त्यांच्या पाण्यात आलाय.’ ते तिकीट काढून आत गेले.

मग बेळगावचे एक वकील आले, बायको, आई आणि दोन गाड्या भरून नातेवाईक. वकील असल्यामुळं त्यांनी आधी माझ्याशी वाद घातला. बंदी कुठल्या नियमाखाली, हरकत कुणी घेतली, हक्क कधीपासूनचा. मी सगळं सांगितलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं गाडीतून विचारलं, ‘मेंढरं पाण्याला येत नाहीत म्हणजे जातात कुठं?’ मी हायवेकडं बोट केलं. त्या मुलाला म्हणाल्या, ‘गाडी वळव.’

वकील खिडकीपाशी गेले आणि रामाप्पाला म्हणाले, ‘मेंढरांचं फाटक बंद असेल तर आम्हाला तिकीट नको. साहेबांना तसं कळवा.’ मागं रांगेत असलेल्यांनी कान टवकारले. आणखी दोन गाड्या वळल्या. रामाप्पानं एवढ्या तत्परतेनं फोन लावलेला मी कधी बघितला नव्हता. ‘सायब, लोक परत चाललेत. व्हय, तिकीट न काढता. मेंढरासाठी. न्हाय सायब, बगळ्यासाठी न्हाय, मेंढरासाठी.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मावळतीचं फाटक उघडलं. तोंडी हुकूम, दुपारपुरता, पाऊस पडेपर्यंत. बोर्ड तसाच ठेवून. बिराप्पाचा उरलेला कळप फुलीखालून आत गेला. तोवर टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. मेंढरांच्या पायातून लाडवाला पाय फुटल्यासारखी पळत होती आणि त्यांची आई सवयीप्रमाणं सगळ्यांना शिव्या घालत होती.

आता ते साहेब बदलून गेलेत. तोंडी हुकूम त्यांच्या तोंडाबरोबर गेला. नवे साहेब म्हणतात, लोकांची मागणी काय आहे ते बघून ठरवू. लोक म्हणजे तिकीट काढणारे. बिराप्पा तिकीट काढत नाही, म्हणून तो लोकांत येत नाही. पावसानं ओढे भरलेत तोवर कळप माळावर आहे. होळी झाली की ओढे आटतील, आणि मग एक तर हे फाटक, नाहीतर तो हायवे.

तेव्हा हे मागणं तुमच्याकडं आहे. उन्हाळ्यात जोगतळ्याला या, चमचे बघा, कोल्हा बघा. पण खिडकीपाशी खिशात हात घालायच्या आधी विचारा, ‘मेंढरांचं फाटक उघडं आहे का?’ नाही म्हणाले तर तिकीट काढू नका. गाडी वळवा, आणि का वळवताय ते मोठ्यानं सांगून वळवा.